कोपऱ्यापर्यंत उचलून न्या

आत्याच्या दुकानातून जेवढे जनरेटर विकले गेले, त्याहून जास्त गिऱ्हाइकं हाकलली गेली आहेत. राग तिच्या नाकावर असतो असं आमच्या घरात म्हणतात. मला वाटतं तो हातात असतो, कारण भांडताना तिच्या हातात बहुधा पाना असतो. एका शटरचं दुकान. फळीवर चार-पाच लहान जनरेटर, खाली दुरुस्तीला आलेले, पोट उघडून बसलेले. सगळीकडे पेट्रोलचा वास, आणि बसायला एकच स्टूल, तेही तिचं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मोठ्यातला मोठा दाखवा." आत्या काही दाखवत नाही. ती विचारते, यावर काय काय चालवणार? एका वेळी किती? सुरू करायची दोरी कोण ओढणार? ठेवणार कुठे? शेवटच्या प्रश्नाला कोणी "घरातच, मागच्या खोलीत" म्हणालं, की ती उठून शटर अर्ध्यावर ओढते. "त्या धुरातल्या विषाला वास नसतो. झोपाल ते उठणार नाही. आधी जागा शोधा, मग या."

या परीक्षेत पास झालेल्याला ती मशीन उचलायला लावते. दुकानापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचं, दिव्याच्या खांबाला हात लावून परत आणायचं. खांबाखाली एक शिंपी बसतो. कोण कुठे धापा टाकत थांबलं, कोणी मशीन खाली ठेवून फोन आल्याचं नाटक केलं, हे सगळं तो संध्याकाळी तिला सांगतो. जो खांबापर्यंत पोचला नाही त्याला ती मशीन मिळत नाही, लहान मिळते. "दिवे गेल्यावर तुला बारा हत्तींचं बळ येणार आहे का?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

हे दुकान तिच्या नवऱ्याचं. काका गेले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. महिनाही झाला नव्हता आणि माझे बाबा, म्हणजे तिचे सख्खे मोठे भाऊ, दुकान विकत घेणारा माणूस घेऊन तिच्या दारात उभे राहिले. बाईमाणसाला हे काळं काम शोभत नाही, असं म्हणाले. आत्याने त्या माणसाला पाणी दिलं आणि बाबांना नाही. त्यानंतर बावीस वर्षं ती आमच्या घराचा जिना चढली नाही. आम्ही भावंडं तिच्याकडे जायचो, ती आम्हाला जेवू घालायची, पण बाबांचं नाव निघालं की तोंडाला कुलूप.

गेल्या वर्षी बाबांची फुप्फुसं थकली. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास घरघरत असतं. ते विजेवर चालतं, आणि आमच्याकडची वीज लहरी. म्हणून धाकटा भाऊ म्हणाला, जनरेटर घेऊ. माझ्याही डोक्यात तेच होतं. फरक एवढाच, की धाकट्याला मित्रांबरोबर जंगलात तंबू ठोकायचं वेड आहे. "ताई, एका दगडात दोन पक्षी," तो म्हणाला. "कॅम्पिंगलाही होईल, घरालाही होईल."

आम्ही दोघं आत्याकडे गेलो. त्याने यादी करून आणली होती. आत्याला यादी आणणारं गिऱ्हाईक आवडतं, म्हणून तिने चष्मा लावला. लहान फ्रीज. स्पीकर. दिव्यांच्या माळा. पाणी उकळायची किटली. मोबाइल, सहा. आणि सगळ्यात खाली, बाबांचं मशीन.

तिने चष्मा काढला. "राजे, तुझा स्पीकर आणि माझ्या भावाचा श्वास एका कागदावर लिहितोस?"

"आत्या, वॅट तर सगळ्यांचे मोजायलाच लागतात ना?"

"वॅट मला शिकवू नकोस. तू ही घेऊन जंगलात गेलास, की इथे तो काय ओढणार? तुझ्या स्पीकरची गाणी?"

"वर्षातून चार वेळा जातो मी. नेमकी तेव्हाच वीज जाणार आहे का? आणि ऑक्सिजनचा सिलिंडर आहे की घरात."

आत्याने यादीचे दोन तुकडे केले. वरचा त्याला दिला, खालचा स्वतःच्या खिशात ठेवला. "तंबूसाठी एक आणि घरासाठी एक. घरची अंगणाबाहेर जाणार नाही. कबूल असेल तर बोल, नाहीतर चालू लाग."

धाकट्याला ते लागलं. तो शिकलेला, मोठ्या कचेरीत बसणारा, आणि नेमक्या तेव्हाच दुकानात आलेल्या शिंप्यासमोर त्याची शोभा झाली. त्याने त्याच आठवड्यात चकाचक दुकानातून एक मशीन आणली. मशीन खरंच चांगली होती, हे मला मान्य करायलाच हवं. हलकी, कमी आवाजाची, वीज अगदी स्थिर देणारी. तिथल्या विक्रेत्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि धाकट्याला त्याचंच कौतुक होतं.

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी सकाळी त्याने ती गाडीत ठेवली. मी बघत होते. मी मोठी बहीण, माझं तोंड कोणी शिवलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी कुठे वाद घालायचा, म्हणून मी गप्प राहिले. पेट्रोलचा डबा मीच त्याच्या हातात दिला. हे आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि या वेळी दुसरं कोणी सापडत नाही ज्याच्यावर ती काढावी.

दुपारी दोनला वीज गेली. बाबांच्या मशीनने एक लांब शिटी मारली आणि घरघर थांबली. मी बाबांना सिलिंडर जोडला. काटा बघितला, जेमतेम वीस मिनिटांचा प्राणवायू. महिनाभर तो कोणी बघितला नव्हता. वीज कचेरीत फोन केला, तर म्हणाले संध्याकाळपर्यंत येईल. रुग्णवाहिकेवाले म्हणाले, पाऊण तास. धाकट्याचा फोन लागत नव्हता, जंगलात कसा लागणार? मग मी आत्याला फोन केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने फोन ठेवला.

ती रिक्षातून आली. मांडीवर केबलचं भेंडोळं, पायाशी जनरेटर. साठ वर्षांची बाई तो एका हाताने उचलून अंगणाच्या कुंपणापाशी घेऊन गेली, खिडक्यांपासून लांब. मी वरून कपडे वाळवायची दोरी सोडली, तिने केबलचं टोक बांधलं, मी ओढलं. तोवर सिलिंडर संपला होता. बाबांचे ओठ निळे पडले होते आणि ते चादर मुठीत धरून बसले होते.

दुसऱ्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. मी बाबांचं मशीन केबलला जोडून बटण दाबायला गेले तर ती खालून ओरडली, "थांब. मिनिटभर स्थिर होऊ दे."

"आत्या, ते गुदमरतायत."

"आत्ता जोडलंस आणि इंजिन दबून बंद पडलं, तर काय करशील? हात मागे घे."

मी तिला मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तळमजल्यावरचे गृहस्थ खिडकीत येऊन म्हणाले, दुपारची झोपायची वेळ आहे, आवाज बंद करा. "तुमची झोप उद्या परत येईल," आत्या म्हणाली आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर इंजिनावर होती. मग तिने हात वर केला आणि मी बटण दाबलं. सिलिंडर संपल्यापासून नऊ मिनिटं झाली होती.

इंजिन पाच मिनिटं बिनतक्रार चाललेलं बघून आत्या बावीस वर्षांनी आमचा जिना चढली. बाबांना रंग येत होता. त्यांनी नळीआडून काहीतरी सुरू केलं, बहुतेक दुकानाबद्दलच. "बोलू नकोस," ती म्हणाली. "श्वास घे. तेवढं एक काम कर." आणि पलंगाच्या कडेला बसली. रुग्णवाहिकेवाले आले, बाबांना तपासून परत गेले. वीज सातला आली, तोवर ती दर तासाला खाली जाऊन पेट्रोल बघून येत होती. रात्री ती घरी गेली नाही.

धाकटा रविवारी दुपारी आला. उन्हाने रापलेला, खुशीत, हातात ती मशीन. मी जिन्यातच त्याला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला, पण आत येऊन त्याने जे तोंड उघडलं ते असं: "थोडा वेळ गेला असेल, पण वेळेवर सगळं झालं ना?"

आत्या उठली. मला वाटलं मारते. तिने फक्त मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.

"नाक धर. तोंड मीट. मी सांगेपर्यंत श्वास घ्यायचा नाही."

"आत्या, हे काय आता…"

"धर."

त्याने धरलं. खोलीत फक्त बाबांच्या मशीनची घरघर. आत्या घड्याळाकडे बघत होती, बाबा त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि मग त्याने नाक सोडून मोठ्याने हवा आत ओढली.

"बेचाळीस सेकंद," आत्या म्हणाली. "खांबापर्यंतसुद्धा पोचला नाहीस. तुझा बाप नऊ मिनिटं वाट बघत होता."

तिने खिशातून तो फाटलेला कागद काढला, ज्यावर 'बाबांचं मशीन' एवढी एकच ओळ होती, आणि अंगणात कुलूप लावून ठेवलेल्या स्वतःच्या जनरेटरवर चिकटवायला मला दिला. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. त्याला ऊठ असं कोणी म्हटलं नाही.