धुराड्याची टोपी

गल्लीत त्यांना सगळे पत्रेकाका म्हणत. पत्र्याची कामं करायची, पन्हाळी बसवायच्या, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी घरोघरच्या लोखंडी शेगड्या आणि त्यांचे धुराचे पाइप साफ करून द्यायचे, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. कामात चोख माणूस, असा लौकिक होता. म्हणूनच त्या वर्षी त्यांनी जे केलं, ते कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

समोरच्या घरात बाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात. त्यांची शेगडी साफ करायला काका गेले तेव्हा गुडघा ठणकत होता. पाइप खालून ठोकला, ब्रश जेवढा पोचला तेवढा फिरवला, घमेलंभर काजळी काढली. छपरावर चढून धुराड्याची टोपी उघडायची राहिली होती. दर वर्षी चढायचे. त्या दिवशी वर नुसतं बघितलं आणि म्हणाले, "झालं बाई. निर्धास्त पेटवा."

"वर काही नाही ना अडकलेलं?"

"छे हो! मी आहे ना!"

नंतर चौथ्या दिवशी सकाळी काका दुकानाची फळी उघडत होते. समोर बाईंचा पडदा अजून ओढलेलाच, दुधाची पिशवी दारातच. दहा वाजले होते. हाका मारल्या, दार वाजवलं. मग खिडकीची काच फोडून ते आत शिरले. बाई खुर्चीतच कलंडल्या होत्या, चेहरा लालबुंद. शेगडीत निखारे होते, पण खोलीत धूर म्हणावा असा नव्हताच. काकांनी त्यांना ओढत अंगणात आणलं आणि आरडाओरडा करून माणसं गोळा केली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लाकूड अर्धवट जळलं की जो वायू होतो ना, त्याला वास नसतो. वर जायला वाट मिळाली नाही, की तो खोलीत उतरतो. अजून अर्धा तास गेला असता तर..."

गल्लीने काकांना डोक्यावर घेतलं. वाण्याने चहा पाजला. कुणी म्हणालं, देवासारखे धावलात. काकांनी कप अर्धाच ठेवला आणि दुकान गाठलं. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "तुम्ही बाईंकडे गेलात त्या दिवशी शिडी तर इथेच होती. माझ्या गाद्या वाळत होत्या तिच्यावर."

"त्यांच्याकडची घेतली," काका म्हणाले. बाईंकडे शिडी नव्हती. बायकोला हे माहीत होतं. ती उठून ताटं घ्यायला गेली, हेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली सामसूम असताना ते बाईंच्या छपरावर चढले. टोपीखाली पाखराचं घरटं होतं, काड्या, पिसं आणि लाल लोकरीचा एक धागा, सगळं काजळीने थापून घट्ट झालेलं. पाइपात दोन बोटं जातील एवढीच फट उरली होती. काकांनी ते उपसून पोत्यात भरलं आणि मागच्या नाल्याकाठी टाकून आले. चूक झाली होती ती झालीच होती, आता पुरावाही आपल्याच हाताने नाहीसा केला होता.

आठ दिवसांनी बाई घरी आल्या, मुलीसोबत. काका भेटायला गेले तर खोलीत खोकी भरायला घेतलेली.

बाई म्हणाल्या, "माझाच दोष, भाऊ. ऊब टिकावी म्हणून पाइपातली झडप फार लावली असणार मी. वय झालं, आता आगीशी खेळ नको. मुलगी म्हणते, चल माझ्याकडे. ही शेगडी काढून न्याल का?"

मुलगी म्हणाली, "काका, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही."

काका खाली बसले आणि फरशीकडे बघत बोलत राहिले. गुडघा, न उघडलेली टोपी, घरटं, पोतं, सगळं सांगितलं. "झडपेचा दोष नव्हता, बाई. मी खोटं बोललो. आणि गल्लीभर शाबासकी घेत फिरलो."

मुलगी ताडकन उठली. "आई मेली असती! आणि तुम्ही घरटं लपवलंत? चालते व्हा!"

काका उठले. दारापर्यंत गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा. मी विचारलं होतं तुम्हाला. स्पष्ट विचारलं होतं."

"हो."

"मग उद्या शिडी घेऊन या. मी खाली उभी राहून बघणार आहे. आणि पेटवायचं कसं, तेही पहिल्यापासून शिकवा. इतकी वर्षं हे पेटवायचे, नंतर मी आपली अंदाजाने."

दुसऱ्या दिवशी मुलगी हाताची घडी घालून उभी होती. काका वर चढले, टोपी उघडून पाइपातून दोरीला बांधलेला ब्रश खालपर्यंत सोडला. मग शेगडीपाशी बसले. दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. "टणक वाजलं तर वाळलेलं. बद्द वाजलं तर ओलं, ते नाही घालायचं. रंगवलेलं लाकूड नाही, रॉकेल तर थेंबभरही नाही." झडप पूर्ण उघडली. जळता कागद पाइपाच्या तोंडाशी धरला, ज्योत वर ओढली गेली. "अशी ओढ दिसली तरच पुढचं. जाड लाकूड खाली, काड्या वर, पेटवायचं वरून. आच असेपर्यंत झडप पूर्ण लावायची नाही. खिडकी बोटभर उघडी. राख झाकणाच्या डब्यात, घराबाहेर." बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि काड्या स्वतः रचल्या.

बाई तिथेच राहिल्या. मुलीने जाण्याआधी भिंतीवर त्या वायूची सूचना देणारं यंत्र बसवून घेतलं, दुसऱ्या माणसाकडून.

त्या हिवाळ्यात आणखी चार घरच्या शेगड्या काकांनी वर न चढताच साफ केल्या होत्या; तिथेही जाऊन त्यांनी खरं सांगितलं. दोघांनी चहा दिला, दोघांनी पुन्हा बोलावलं नाही. बाईंची मुलगी सुट्टीला येते तेव्हा दुकानावरून मान न वळवता जाते. बायको म्हणते, "किती दिवस राग धरणार ती?" काका हातातला पत्रा कापत राहतात. तिने बोलावं अशी त्यांची फार इच्छा आहे, पण का बोलावं, हे त्यांना सांगता येत नाही.