आत्यांच्या जीपचं स्टेअरिंग

“न वळून जाती कुठं?”

एवढं म्हणून आत्या पदर कमरेला खोचायच्या, जीपच्या सीटवरून अर्ध्या उठायच्या आणि स्टेअरिंगला दोन्ही हातांनी असा हिसडा द्यायच्या, की समोरून येणारी एसटी आधी थांबायची आणि मग ड्रायव्हर विचार करायचा, आपण का थांबलो. भूमच्या बाजाराकडं जाणारा रस्ता जिथं काटकोनात मोडतो, त्या कोपऱ्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान. त्यामुळं हा सोहळा मला रोज सकाळी फुकटात बघायला मिळायचा. म्हैस अडो, माणूस अडो, कचेरीतला कारकून अडो, आत्यांचं वाक्य तेच. आणि बहुतेक सगळे वळायचे.

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. तुम्हीही द्या. उरलेल्या निम्म्यात आत्या मावतील असं मात्र समजू नका.

त्या गावच्या लेक, म्हणून सगळ्या गावाच्या आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी परत आल्या. का आल्या, ते गावानं शंभर प्रकारांनी सांगितलं, त्यांनी एकदाही नाही. वडील गेल्यावर भावाच्या नावे जमीन सोडायचा कागद झाला. आमच्याकडं बहिणी अशा वेळी सही करतात, साडी घेतात आणि डोळे पुसत निघतात. आत्यांनी सही केली, साडी परत केली आणि म्हणाल्या, “जीप माझी.” वडिलांनी कधीकाळी सरकारी लिलावात घेतलेली ती जीप तेव्हा गोठ्यामागं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. भाऊ हसला. घे म्हणाला. आत्यांनी कोंबड्या उठवल्या.

मग त्यांनी धंदा काढला. भूमच्या आसपास डोंगरकडेला वस्तीवस्तीवर खव्याच्या भट्ट्या आहेत. दूध आटवायचं, कढईत उलथनं फिरवत राहायचं आणि सकाळी तो खवा ऊन चढायच्या आत बाजारात पोचवायचा. जिथं एसटी जात नाही, पिकअपवाला नाक मुरडतो, तिथं आत्यांची जीप जायची. जीप होती म्हणून आत्या व्यापारी होत्या. नसती तर भावाच्या चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या एक परत आलेल्या बाई. हे त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि सगळ्यात जास्त त्यांच्या भाच्याला, म्हणजे भावाच्या मुलाला, माहीत होतं. त्याचा त्या जीपवर फार डोळा. डोळ्यांवर कायम गॉगल असल्यामुळं तो कुणाला दिसत नसे, एवढंच.

पण जीप त्याला वळत नव्हती. त्या स्टेअरिंगची कहाणी काय सांगू? एक तर ढिलं. ईट गावाकडं फिरवलं की चाकं पाथरूडकडं वळायची. आणि जड एवढं, की आत्यांनी जोर लावला तर जीप जागेवर राहून भूम तालुकाच थोडा बार्शीकडं सरकायचा. जत्रेतल्या कुस्तीचा फेटा बांधलेला एक पैलवान एकदा पैजेवर स्टेअरिंगवर बसला. घामानं सीट भिजली, दंडाच्या बेडक्या टरारल्या, चाक चार बोटं हललं. उतरला, माझ्या दुकानात आला आणि तांब्याभर पाणी पिऊन निघून गेला. भाचा तर महिनाभर जिमला जाऊन आला. तोही तसाच उतरला.

आता खरं सांगतो. सगळे जीप उभी असताना वळवायला जायचे. आत्या कधीच तसं करत नसत. क्लच सोडून जीप हातभर पुढं सरकू द्यायच्या आणि चाकं फिरायला लागली की मगच हिसडा. उभ्या चाकाला जे डोंगर वाटतं, ते फिरत्या चाकाला टेकाड होतं. हे एकदा माझ्या ध्यानात आलं आणि नेमकं तेव्हाच आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लगेच हातातल्या बेअरिंगकडं पाहिलं. त्यानंतर त्या मला हटकून ‘शेठ’ म्हणायला लागल्या.

त्या जडपणामुळंच जीप त्यांची होती. कागदापेक्षा जास्त.

पुढं त्यांचा खांदा धरला. अर्धं आयुष्य कढईत उलथनं फिरवलेलं आणि उरलेलं अर्धं या स्टेअरिंगशी झोंबण्यात गेलेलं. एका सकाळी माझ्या कोपऱ्यावर जीप अर्धी वळली आणि थांबली. आत्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं, उठल्या, परत बसल्या. पुन्हा उठल्या. मागं एसटीनं हॉर्न दिला. शेवटी त्यांनी मला हाक मारली. मी आणि समोरचा चहावाला, दोघांनी बाहेरून हात घालून ते चाक ओढलं. बाजूला एवढी माणसं उभी होती, पण कुणी हसलं नाही. भूममध्ये असं होत नाही. सगळे नको तिकडं बघत राहिले.

भाच्यानं लगेच जिव्हाळा काढला. आत्या, आता आराम करा. पुण्याचे हौशी लोक असल्या जुन्या जीपच्या शोधात फिरत असतात, त्यांना देऊन टाकू, खव्याला एखादा पिकअप लावू. बोलला अगदी गोड, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. डॉक्टरांनीच त्यांना हात वर उचलू नका म्हणून बजावलेलं.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकानात येऊन ऑइलच्या ड्रमवर बसल्या. चहा घेतला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग हळूच विचारलं, “शेठ, नव्या गाड्या बोटानं वळत्यात, ते पावर स्टेरिंग हिच्यात बसतंय का?”

बसवलं तर विमानातही बसतं, असं मी म्हणालो. मागच्या शेडमधल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जीपखाली डोकं घालून बराच वेळ काढला आणि सांगितलं, अपघातातल्या एखाद्या गाडीचं सामान मिळालं तर जमेल. इंजिनच्या पट्ट्यावर पंप चालवायचा, पंपानं तेल दाबायचं, आणि ते तेल माणसाच्या वाट्याचा जोर लावणार. फक्त या म्हाताऱ्या जीपच्या चेसीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, त्याला जागा नाही, ती करावी लागेल.

मिस्त्री गेल्यावर मी आत्यांना म्हणालो, “एक गोष्ट बोलू का? आता ही कुणालाबी वळंल.”

आत्या चहाच्या रिकाम्या कपात बघत होत्या.

“मला कळत न्हाय व्हय ते?” त्या म्हणाल्या. “रातभर त्येच उलटंपालटं केलं. पण उभी जीप माझी असून काय करू बाबा? पुन्यांदा कोंबड्या बसवू?”

मी मिस्त्रीला परत हाक मारली आणि सामान शोधायला सांगितलं. 

काम सुरू झालं. मिस्त्रीनं चेसीला जाड पत्रा वेल्ड केला, त्यावर स्टेअरिंगचा नवा बॉक्स बसवला. पंप पहिल्यांदा इंजिनच्या फॅनला घासला, मग त्याची जागा बदलली. आत्या खोक्यावर बसून सगळं बघत होत्या. आपल्या माणसाचं ऑपरेशन खिडकीतून बघावं तसं. जुना बॉक्स खाली उतरला तेव्हा त्यांनी त्याला नुसतं बोट लावलं आणि काळं झालेलं बोट लुगड्याला न पुसता तसंच ठेवलं.

जीप बाहेर निघाली तो दिवस भूमच्या इतिहासात लिहायला हवा. आत्यांनी सवयीनं पदर खोचला, अर्ध्या उठल्या आणि जन्माचा जोर लावून हिसडा दिला. जीप भोवऱ्यासारखी फिरली आणि सरळ माझ्या दुकानात शिरली. टांगलेल्या ट्यूबा तिच्या बॉनेटवर हारासारख्या पडल्या, डबे गडगडत थेट एसटी स्टँडपर्यंत गेले, आणि त्यातला एक, लोक म्हणतात, परांड्याच्या गाडीत चढला. आत्या खाली उतरल्या. मला वाटलं आता त्या हसतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

“हाताला कायच लागंना रे,” त्या म्हणाल्या. “खाली चाकं हायेत का न्हाईत, कळंना.”

जोर लावायला शिकणं आपण सगळेच बघतो. जोर न लावायला शिकणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का? खवा पोचवून झाला की रिकाम्या पटांगणात आत्या एकट्या जीप फिरवायच्या. पुन्हा पुन्हा उठायच्या, आठवण झाली की खाली बसायच्या. दंडातली ताकद बाहेर यायला बघायची आणि त्या तिला आत दाबायच्या. एवढा त्रास त्यांना त्या जड चाकानंही दिला नसेल. हळूहळू जमलं. कोपऱ्यावरनं जीप मांजरासारखी जायला लागली. बघायला आता काही उरलं नाही, म्हणून चहावाल्यानं आपलं बाकडं तिथून हलवलं.

आणि मग जे होणार होतं ते झालं. एका सकाळी आत्या अंगणात आल्या तर जीप नाही. भाचा मित्राच्या हळदीला घेऊन गेला होता, फोटो काढायला. वस्त्यांवर खवा वाट बघत बसला आणि ऊन चढल्यावर आंबला. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आत्या बाजारात आल्या, व्यापाऱ्यांपुढं हात जोडले, आणि माझ्या दुकानावरून तशाच परत गेल्या. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात धरलं, गेली जीप.

दुसऱ्या सकाळी वेळेवर हॉर्न वाजला. स्टेअरिंगवर भाच्याची बायको होती. डोक्यावर पदर, डोळे एवढे मोठे, दोन्ही हात चाकाला चिकटलेले. शेजारी आत्या. ही पोर लग्न होऊन आल्यापासून घरच्या भट्टीवर उलथनंच फिरवत होती. तिचा आवाजही आम्ही ऐकला नव्हता. ती पहाटे उठून आत्यांबरोबर पटांगणात जीपवर बसत होती, आणि त्याला बरेच दिवस झाले होते, हे नंतर कळलं.

मागून भाचा मोटारसायकलवर आला आणि कोपऱ्यावर आडवा उभा राहिला. गॉगल कपाळावर. म्हणाला, “आत्या, घरची सून गाडी हाणती? लोक काय म्हणतील?”

आत्यांनी आमच्याकडं हात केला. “लोक हितंच हायेत. इचार की.”

भाच्यानं आमच्याकडं पाहिलं. चहावाला म्हणाला, वहिनी, खव्याला ऊन लागंल, निघा आता. मी ट्यूबा मोजायला लागलो, त्या मोजायच्या नव्हत्या तरी.

“तुझ्याच घरात ऱ्हायली की रे जीप,” आत्या भाच्याला म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. “तुला तेच पायजे व्हतं न्हवं?” मग सुनेकडं वळून, “पोरी, धरू नको घट्ट. नुसता हात ठेव. वळती ती.”

भाच्यानं मोटारसायकल मागं घेतली. त्यालाही दुसरा रस्ता नव्हता. मागं घेतली नसती तर ती पोर ब्रेक कुठाय तेच विसरली असती, असं तिचं तोंड सांगत होतं.

त्यानंतर खवा एकदाही चुकला नाही. पहिल्यांदा आत्या शेजारी बसायच्या, बडबडायच्या, हातवारे करायच्या. मग गप्प बसायला लागल्या. मग पुढची जागा एका वस्तीवरच्या म्हातारीला दिली, दवाखान्यात जायला, आणि स्वतः मागं. यंदाच्या थंडीत त्या गेल्या. झोपेतच, कुणाला हाक न मारता. तेव्हापासून सून रोज कोपऱ्यावर हॉर्न देते आणि मी हात वर करतो. आमचं बोलणं तेवढंच.

पण मला आठवते ती गेल्या उन्हाळ्यातली एक सकाळ. जीप आली. मागं खव्याच्या पाट्यांमध्ये, पोत्याला पाठ टेकून आत्या बसल्या होत्या, रस्त्याकडं पाठ करून. कोपरा आला. सुनेनं एका हातानं चाक फिरवलं, दुसऱ्यानं पदर सावरला. पाट्या सरकल्या, पाट्यांबरोबर आत्याही जरा कलल्या. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि दुखरा हात मांडीवर पालथा पडला होता. इंजिनच्या वर ऐकू येईल अशा आवाजात त्या घोरत होत्या.