पहिला थेंब

वारंगा फाट्यावरचा आमचा पंक्चरवाला इथल्या बारमधली स्वस्तातली व्हिस्की अशा चवीनं घेतो, की शेजारच्या टेबलाला चढते. त्याआधी ग्लासात बोट बुडवून तो पितरांच्या नावानं थेंब शिंपडतो. त्याचे पितर निजामाच्या फौजेहून जास्त!

परवा माझा पहिला घोट ओठाशी होता, तोच बायकोचा फोन आला. लेक तापानं फणफणली होती, मोटारसायकलवरून दवाखान्यात न्यायची होती.

"एवढा घोट घेतो न् निघतो," मी म्हणालो.

समोर बसलेल्या पंक्चरवाल्यानं माझा ग्लास हिसकावून अख्खा जमिनीवर ओतला. "तुमचे पितर लई तहानलेत, भाऊ. गाडी काढा!"

लेक ठणठणीत आहे. आता पहिला थेंब मी त्याच्याच नावानं शिंपडतो.

तो बोंबलतो, "काहून शिंपडून राहिले, भाऊ? आमी अजून मेलो न्हाई ना!"