सहीबाईंनी अडवलेला कागद

माझी ताई तत्त्वज्ञान घेऊन एम.ए.ला पहिली आली, तेव्हा बाबांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पण पुढे करणार काय?" हा प्रश्न आमच्या घरात पुढे तीस वर्षं नांदला. बाबा गेल्यावर तो वारसाहक्कानं माझ्याकडे आला. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारा माणूस. थेंब यंत्रात घालायचा, आकडा बाहेर येतो. ताईच्या धंद्यात आकडाच येत नाही, आणि ज्यात आकडा येत नाही ते काम जगाला फार दिवस परवडत नाही, असं माझं साधं गणित होतं.

चोवीस वर्षं परवडलं. ताई कॉलेजात शिकवत होती. वर्गात आधी चाळीसजण असत, मग एकोणीस उरले, शेवटच्या वर्षी चार, आणि त्यातले दोन चुकून आलेले. त्या चौघांनाही ती तितकंच तासून घेई. तिचा नियम एकच. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या शब्दांत त्याला सांगायचं, आणि तो "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणाला की मगच तोंड उघडायचं. माझ्या बायकोनं एकदा हा नियम मला लावून बघितला. तेव्हापासून मी भांडण सुरू करताना जरा विचार करतो.

शेवटी विषय बंद झाला आणि तिच्या वर्गात संगणक आले. सत्तेचाळिसाव्या वर्षी बिनलग्नाची, बिननोकरीची आणि पहिल्याइतकीच हट्टी बहीण दोन खोल्यांत बसून होती. मला तिची काळजी वाटायची आणि ती मी टोमणे मारून दाखवायचो. उंटावरून शेळ्या हाकायला कोणी पगार देतं का बघ, असंही एकदा म्हणालो. ती म्हणाली, बघते.

मग मीच तिला आमच्या हॉस्पिटलात चिकटवली. आमच्याकडे नव्या औषधांच्या चाचण्या होतात. रोग्यांनी संमतीच्या ज्या कागदावर सही करायची, तो आधी एक समिती तपासते, आणि त्या समितीत एक माणूस डॉक्टर नसलेला असावा लागतो. त्याची सही नसेल तर चाचणी सुरूच होत नाही. काम काय, तर चहा प्यायचा आणि सही करायची. म्हणून तिचं नाव पडलं सहीबाई.

सहीबाईंनी चहा प्यायला, पण पहिल्याच दिवशी सही काही केली नाही. कागद उचलला आणि त्या आजाराचे रोगी जिथे बाकांवर ताटकळत बसतात त्या दालनात गेल्या. एकेकाला तो वाचून दाखवला आणि म्हणाल्या, आता तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत मला सांगा. कॉलेजातला नियमच तो, फक्त वर्ग बदलला. सहा वर्षं हे असंच चाललं. एखादा शब्द बदलायचा, एखादं वाक्य मोडायचं, की सही. डॉक्टर मंडळी हसायची, पण चालवून घ्यायची.

घोडं अडलं ते सांधेदुखीच्या गोळीवर. चाचणी मोठी होती, कंपनी बाहेरची, आणि शुक्रवारपर्यंत मंजुरी गेली नाही तर ती दुसऱ्या हॉस्पिटलला जाणार होती. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, ते संगणक चिठ्ठ्या उचलल्यासारखं ठरवणार. डॉक्टरांनाही ते कळणार नाही. कागदाच्या सहाव्या पानावर हे सगळं होतं: "सहभागींचे यादृच्छिक वाटप संगणकप्रणालीद्वारे करण्यात येईल."

ताईनं अकरा जणांना विचारलं, तुमची गोळी कोण निवडणार? अकराही जण म्हणाले, डॉक्टर. तिनं कागद परत पाठवला.

चाचणीचे प्रमुख असलेले मोठे डॉक्टर संतापले. सगळं लिहिलंय, त्यात एक अक्षर खोटं नाही, आणि अकरा जणांच्या शितावरून भाताची परीक्षा करायला हे काय स्वयंपाकघर आहे, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. ताई म्हणाली, "लिहिलंय. पण पोचलं नाही." तिचा करार त्याच महिनाअखेरीस संपत होता. सहीला काय, एखादा निवृत्त कारकूनही चालेल, हे डॉक्टर तिला नाही, मला ऐकवून गेले. तिला समजावायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

गुरुवारी दुपारी मी तिच्या हॉस्पिटलातल्या खोलीत गेलो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे सांगितलं. तुझं वय काय, दुसरीकडे कोण घेणार, हेही सांगितलं. तिनं शांतपणे सगळं ऐकलं, माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं करून मला परत सांगितलं आणि विचारलं, हेच ना?

"हेच," मी म्हणालो.

"मग तू एकालाच विचारून ये. त्याला कळलेलं असलं, तर मी आत्ता सही करते."

हा सौदा मला फारच सोपा वाटला. दालनात पहिल्याच बाकावर एक टेलर मास्तर बसले होते, बोटांचे सांधे गाठीसारखे सुजलेले. कात्री धरता येत नाही म्हणून वर्षभर दुकान बंद होतं. मी त्यांना सहावं पान सावकाश, दोनदा वाचून दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग विचारलं, सांगा बरं, काय कळलं?

मास्तर म्हणाले, "डॉक्टर संगणकावर माझं माप टाकणार, आणि मला बसेल ती गोळी देणार."

ज्या विज्ञानाच्या जोरावर मी तीस वर्षं ताईला चिडवलं, त्याच्याच दारात बसून हा माणूस पूर्ण विश्वासानं चुकीच्या गोष्टीला हो म्हणत होता, आणि मी त्याला आत्ताच दोनदा वाचून दाखवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगितलं की माप कोणी घेणार नाही. नाणं उडवल्यासारखं आहे, छापा पडला तर औषध, काटा पडला तर नुसतीच गोळी.

मास्तरांनी आपली सुजलेली बोटं उघडून-मिटून बघितली. मला वाटलं, आता हा गृहस्थ उठून जाणार आणि मोठे डॉक्टर मला कच्चा खाणार.

"मी येईन चाचणीला," ते म्हणाले. "पण मघाशी तुम्ही मला गोळी देत होता. आता मी घेतोय."

मी तसाच उठून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. समजावलंत का बहिणीला, त्यांनी विचारलं. नाही, आणि समजावणारही नाही, मी म्हणालो. तुम्ही स्वतः एकाला विचारून या. आवाज चढला होता माझा. ते चिडून उठले, पण उठले. आकड्यांवर जगणारा माणूस, एकावर थोडाच थांबणार. पाच जणांना विचारून आले, खुर्चीत बसले आणि सहावं पान पुन्हा वाचायला लागले. मग त्यांनी ताईला बोलावणं पाठवलं.

नवा कागद लिहायला नऊ दिवस लागले. कंपनी कुरकुरली, पण थांबली. त्याच्या पहिल्याच पानावर आता नाणं आहे. ताई तो घेऊन पुन्हा दालनात गेली, अकरा जणांकडून वदवून घेतला, आणि तिथेच बाकावर कागद टेकवून तिनं सही केली.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी तिला कराराचा नवा अर्ज पाठवला. तिचे अर्ज दरवर्षी मीच भरतो. "व्यवसाय" या रकान्यात मी सहाही वर्षं "माजी शिक्षिका" लिहीत आलो होतो, कारण खरं लिहिलं तर लोक हसतील असं मला वाटायचं. यंदा मी लिहिलं, "तत्त्वज्ञान". कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं रकान्यावर बोट ठेवलं.

"आता हे तुला काय कळलं, ते तुझ्या शब्दांत सांग."

मी म्हणालो, "गोळी काम करते का, ते आम्ही तपासतो. आणि घेणारा नक्की कशाला हो म्हणतोय, ते तू."

"हो," ताई म्हणाली, "हेच म्हणायचंय मला." आणि तिनं सही केली.