न कोरलेला शब्द

वस्तीत सगळे त्यांना पाटीवाले चाचा म्हणत. दगडावर अक्षरं कोरणं हा त्यांचा धंदा. घरांच्या नावाच्या पाट्या आणि कबरींवरचे दगड त्यांच्या कारखान्यात एकाच ओट्यावर तयार होत. राहायला येणारा असो की कायमचा जाणारा, गिऱ्हाईक आपलंच, असं ते हसून सांगायचे. बाजारात बॉम्ब फुटला आणि त्यांचं हसणं बंद झालं.

स्फोटात त्यांची मेहुणी गेली. ती भाजी घ्यायला गेली होती. तिचा दगड चाचांनीच कोरला. बॉम्ब ठेवणाराही त्यात मेला; तो मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईचा मुलगा निघाला. तेव्हापासून रस्त्यापलीकडची, दुसऱ्या धर्माची जुनी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. चाचा पाव आणायला गेले की दुकानदार त्यांच्या पिशवीकडे बघत राही. शेवटी चाचांनी पिशवी न्यायचंच सोडलं. पाव हातात धरून आणू लागले.

अशात एका दुपारी दोन अनोळखी माणसं कारखान्यात आली. बोलणं अगदी अदबीचं. एकानं कागद पुढे केला. त्यावर कबरीच्या दगडासाठी बॉम्ब ठेवणाऱ्या त्या मुलाचं नाव होतं, आणि नावाआधी ‘शहीद’.

चाचांनी कागद परत सरकवला. नाव कोरतो, तो शब्द नाही, एवढं ते कसंबसं बोलले. त्यावर तो माणूस शांतपणे म्हणाला, की धर्माचं काम नाकारणारा धर्माचा राहत नाही. जाता जाता त्यानं हेही सांगितलं, की चाचांची मुलगी कुठल्या दवाखान्यात नोकरीला आहे आणि कुठल्या रस्त्यानं घरी येते ते त्यांना ठाऊक आहे. शुक्रवारी येतो, म्हणून दोघे गेले.

घरी हे ऐकल्यावर बायकोनं आधी खिडक्या लावून घेतल्या.

“कोरून टाका हो. एका शब्दानं काय होतंय?” ती म्हणाली. आणि मग तिलाच रडू कोसळलं, कारण गेलेली तिची धाकटी बहीण होती.

चाचा रोज मुलीला आणायला दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहू लागले. मागे पावलं वाजली की ते मुलीला पुढे घालून वळून बघायचे. पोलिसांत जावं तर आपल्यालाच बसवून ठेवतील, ही धास्ती. अखेर ते मौलानांकडे गेले. मौलानांनी आधी दार लावून घेतलं. मग त्यांनी कबूल केलं, की तेच दोघे त्यांनाही भेटून गेले होते आणि भीतीनं त्यांनीही तोंड उघडलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजनंतर मौलाना उभे राहिले. 

“बाजारात ज्यानं माणसं मारली तो शहीद नाही, खुनी आहे. आपल्या धर्माचं नाव त्यानं चोरलं. ज्याला हे पटत नसेल त्यानं माझ्याकडे यावं. पाटीवाल्यांकडे जाऊ नये.”

काही जण मान खाली घालून निघून गेले. पण बरेच जण चाचांच्या मागोमाग कारखान्यात आले आणि मिळेल त्या दगडावर बसून राहिले. ते दोघे आले, दारातूनच एवढी माणसं बघितली आणि, “पुन्हा भेटू,” असं म्हणून परत फिरले. त्या दोन शब्दांनंतर गप्प बसणं चाचांना शक्य नव्हतं.

मौलानांना सोबत घेऊन चाचांनी पोलिसांत तक्रार दिली. ज्याची धास्ती होती तेच झालं. त्यांनाच संध्याकाळपर्यंत बसवून उलटसुलट विचारलं आणि मग सोडलं. ते दोघे सापडले की नाही, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी त्या मुलाची आई कारखान्यात आली. ती नजर वर करत नव्हती.

“मला कोणताच मोठा शब्द नको,” ती म्हणाली. “नुसतं नाव घाला. मला कबर ओळखता यायला हवी.”

घराकडे उघडणाऱ्या आतल्या दारात चाचांची बायको उभी होती. ती बाहेर आली नाही. पण अडवायलाही आली नाही. चाचांनी छिन्नी उचलली आणि नुसतं नाव कोरलं.

मुलीनं पुढे दुसऱ्या गावी नोकरी धरली. चाचा अजून तिथेच काम करतात. बाहेरून कोणी हाक मारली, तर आधी आवाज ओळखतात आणि मगच ओ देतात.