सर्व्हर सौंसरला, बाबा पांढुर्ण्यात

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी सौंसरच्या घरात, मागच्या खोलीत, स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. म्हणजे लाकडी पाटावर ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर आणि आमच्या आडनावाचा ई-मेल पत्ता. "आपली डाक आपल्याच घरी उतरली पाह्यजे," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर दोनच खाती होती, एक त्यांचं आणि एक आईचं.

आई गेल्यावरही बाबा तिथंच राहिले. यंदा मात्र अंगणात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना पांढुर्ण्याला माझ्या घरी आणलं. दिवसभर ते खिडकीशी पडून असत. उन्हाचा चौकोन भिंतीवरून हळूहळू सरकायचा आणि त्यांची नजर त्याच्यामागे जायची. एकदा डोळे मिटलेलेच होते, तसेच मला म्हणाले, "तिकडं डाक येऊन पडून राह्यली असंल माय. कोणी पाहून नाही राह्यलं."

मी शाळेत शिकवते, थोडंफार कळतं. टॅबलेटवर कुठूनही डाक वाचता येईल अशा एका वेबमेलवर त्यांचं खातं उघडलं आणि घरचा सर्व्हर त्याला जोडायला बसले. सर्व्हरचं नाव, पासवर्ड, पोर्ट, सगळं बाबांना पाठ होतं. तरी प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं: संपर्क होऊ शकला नाही.

बाबांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "कसा होईन? डाक आत येते, पण बाहेरून कोणाले वाचता येऊ नये म्हणून ते दार मीच बंद केलं होतं. राउटरमंधी. तिथं जाऊनच उघडा लागते."

रविवारी दुपारच्या बसनं मी सौंसरला गेले. संत्र्याला बहार आला होता. रस्त्याकडेच्या बागांमधून वास बसमध्ये शिरायचा, विरायचा, परत यायचा. मला डुलकी लागली आणि लहानपणातल्याच कुठल्यातरी थांब्यावर उतरायचंय असं वाटत राहिलं.

घर उघडलं. सगळं जागच्या जागी, वर धुळीचा मऊ पापुद्रा. फक्त मागच्या खोलीतला पंखा घुमत होता आणि एक हिरवा दिवा लुकलुकत होता. माणसं निघून गेली होती, पण घर कोणाच्या तरी निरोपासाठी जागं होतं.

बाबांना फोन लावला. ते सांगत गेले, मी करत गेले. दार उघडलं, सेव्ह केलं. तिकडं पांढुर्ण्यात माझ्या नवऱ्यानं टॅबलेट त्यांच्या हातात दिला होता.

"पहा बरं आता," मी म्हटलं.

"येऊन राह्यली!" बाबांचा आवाज एकदम तरुण झाला. "येऊन राह्यली व माय!"

मग ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

"बाबा? काय झालं?"

"तुह्या आईनं बलावलं मले."

मला क्षणभर काही कळेना. मग उमगलं. वेबमेल सर्व्हरवरची सगळ्यात जुनी डाक आधी उचलत होतं आणि ती नवीन म्हणून ठळक अक्षरांत दाखवत होतं. बाबा या खोलीत तासन्‌तास मशीनशी बसत, हाका ऐकू येत नसत, म्हणून आई स्वयंपाकघरातून मोबाइलवरून मेल करायची. बाबा वाचू लागले, "'चहा थंड होऊन राह्यला. या.'"

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिले. ओट्यावर ऊन पडलं होतं.

"तुम्ही काय उत्तर द्यायचे?" मी विचारलं.

"उत्तर कायले देतो? उठून जात होतो."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा उशीला टेकून वाचत होते. पुढं कितीतरी दिवस ती डाक थोडी थोडी येत राहिली. त्यात मित्रांची पत्रं होती, बँकेचे निरोप होते, आणि मधूनच आई: सिलिंडर संपला, पाहुणे आले, भाकर टाकू का. बाबा प्रत्येक ओळ मला वाचून दाखवत. पण उघडलेला निरोप लगेच साध्या अक्षरांत दिसायला लागे, ते काही त्यांना आवडेना.

"हे वाचलं का पुसून जाते काय गं?"

मी आईचे सगळे निरोप परत 'न वाचलेले' करून दिले. बाबांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा ठळक झालेल्या त्या ओळींकडं नुसतेच पाहत बसले.