हलव्याची आक्का

आक्का कुणाचं तोंड आधी बघत नसे, हात बघे. दारात पाहुणा आला की "या, बसा" म्हणायच्या आधी तिची नजर त्याच्या मनगटाखाली जायची. घामेजलेल्या हातांचा तिला राग होता. "ह्येच्या हाताला पानी सुटतंय, म्हंजे मनात कायतरी हाय," असं ती त्या माणसाच्या देखत म्हणायची, आणि मग चहा घेणार का विचारायची. माझ्या एका मावसभावाने त्या भीतीने शेवटपर्यंत आमच्या घरी हात खिशाबाहेर काढले नाहीत.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती, वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. पुण्याजवळ मांजरी गावात आमचं एकत्र घर होतं आणि घराला लागून ऊस. त्या उसाच्या जागी आता टॉवर आहेत. घर तेवढं राहिलं, त्याचा बंगला झाला, पण मागची पडवी आक्काने पाडू दिली नाही. डिसेंबर सरत आला की त्या पडवीत कोळशाची शेगडी पेटायची आणि आक्का संक्रांतीच्या हलव्याला बसायची.

हा हलवा म्हणजे पांढरा, काटेरी, साखरेचा. खसखस नाहीतर साबुदाणा परातीत घ्यायचा, खाली निखारा मंद ठेवायचा, वरून चमच्याने पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली तर दाणे चिकटतात, आच वाढली तर पिवळे पडतात. थंडी नसेल तर काही केल्या जमत नाही. असं दिवसच्या दिवस बसलं की कधीतरी एका सकाळी दाण्याला काटा फुटतो. मग ते दाणे दोऱ्यात ओवून आक्का दागिने करायची. हार, बाजूबंद, बिंदी, नथ. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालायला आणि लहान बाळांना बोरन्हाणाला. आमच्या भावकीत आक्काचे दागिने न घालता कुणाची पहिली संक्रांत झाली असेल तर ती झाली नाही असंच धरलं जायचं.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळे मांजरीला जमायचे. पोरांना थर्टीफर्स्टची घाई असायची, आक्काला हलव्याची. प्रत्येक घराने काहीतरी हातचं करून आणायचं हा तिचा दंडक. ती ते सगळ्यांसमोर चाखायची आणि सगळ्यांसमोर बोलायची. धाकट्या काकांच्या सुनेने एकदा हौसेने केक करून आणला. ओव्हन नवा, बाई नवी. आक्काने बोटाने केक दाबला, तो परत वर आला, पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. "चांगला झालाय," आक्का म्हणाली, "परात घासायला ठिवा." ती सून न्हाणीघरात जाऊन रडली. आम्ही हसलो. केक खाताना हसलो, म्हणजे केक चांगला होता.

आक्काची स्वतःची बोटं मात्र बघण्यासारखी होती. तापलेल्या परातीने टोकं घोटीव झालेली, एक रेघ म्हणून राहिली नव्हती. जमीन विकली तेव्हा कचेरीत तिचा अंगठा काही केल्या मशिनवर उमटेना. बिल्डरचा माणूस घामाघूम. कधी पावडर लाव, कधी रुमालाने पूस. तिथल्या साहेबाने शेवटी विचारलं, "आजी, कधी अंगठा दिलाय की नाही कुठे?" आक्का म्हणाली, "तुमचं मशीन कुनाच्या हाताला कधी लागलंय का? काम केलेला हात त्याला ठावं नसंल." मग सही करून मोकळी झाली. तिसरी शिकलेली बाई, पण सही अशी करायची की मोत्याचा दाणा.

आता माझं सांगते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, आणि ती कुणामुळे मिळाली तेही सांगते. बारावीनंतर वडील म्हणाले, पुरे झालं, स्थळं बघू. मी त्या डिसेंबरात परातीवर बसले होते आणि माझ्या साबुदाण्याचे गोळे झाले होते. आक्काने ते परातीतून उचलले, वडिलांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "हा हलवा न्हाय, खडी हाय. हिच्या हाताला चव न्हाय, तोंडाला लगाम न्हाय. कोन घेनार हिला? शिकू द्या. स्वतःच्या पोटाचं तरी बघंल." वडिलांनी खडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला कॉलेजात घातलं. मला कुणी आशीर्वाद देऊन शिकवलेलं नाही, मला निकामी ठरवून शिकवलेलं आहे. बी.कॉम.चं सर्टिफिकेट दाखवायला गेले तेव्हा आक्काने ते दोन्ही बाजूंनी बघितलं. "कागद जाड हाय. दागिन्याच्या मागं लावायला बरा." तरी मी पाया पडले. मनापासून पडले.

माझे हात वाईट होते म्हणून मी सुटले. सुरेखा वहिनीचे हात चांगले होते, म्हणून ती अडकली.

सुरेखा वहिनी आक्काची सून, माझ्या चुलत भावाची, म्हणजे आमच्या दादाची बायको. इंदापूरकडची. तिला बघायला गेलो तेव्हा मी लहान होते, पण एवढं पक्कं आठवतं. आक्काने नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. पोहे घेऊन आलेल्या मुलीचा हात धरला आणि बोटांची टोकं एकेक करून दाबली, बाजारात काकडी दाबतात तशी. "गार हायत. कोरडी हायत. चालंल." वहिनीच्या घरच्यांना वाटलं, पसंतीची ही काय तऱ्हा. वहिनीला मात्र वाटलं की आपल्याला कुणीतरी निवडलंय. हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं, आणि सांगताना हसली नाही.

पहिल्याच डिसेंबरात आक्काने तिला परातीवर बसवलं. वहिनी चटका बसून हात मागे घेऊ लागली तर आक्काने तिचं मनगट धरून बोटं परातीवर दाबून ठेवली. "भाजल्याबिगर कळत न्हाय." पडवीत आम्ही सगळे होतो. दादासुद्धा होता. पुढे दरवर्षी वहिनी स्वतःची वेगळी परात करायची. आक्काची झाली की तिची. दिवसच्या दिवस बसायची. शेवटच्या रविवारी तो हलवा आक्कासमोर यायचा, आक्का चिमूटभर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची आणि म्हणायची, "म्हशीला घाला." आणि खरंच घालायला लावायची. वहिनी स्वतःच्या हाताने तो हलवा गोठ्यात आंबोणात टाकून यायची. म्हशी विकल्या तेव्हा मला वाटलं, सुटली बाई. तर आक्का म्हणाली, "आता ह्यो कुनाला घालायचा?"

मी एकदा आक्काला तोंडावर विचारलं. पदवी झाली होती, नोकरी लागली होती, कोथरूडला घर झालं होतं, त्यामुळे जीभ आणखी सैल. म्हटलं, "आक्का, वहिनीचा हलवा वाईट नसतो. माझ्या खडीला तू नुसती हसलीस, तिला का छळतेस?"

"तुझ्या खडीचं काय घिऊन बसायचं," आक्का म्हणाली. "तू काय करनार हायस का ते पुढं?"

"मग तिला सांग ना, की ती करणार आहे म्हणून."

"सांगितलं की हात सैल पडतो." एवढं बोलून तिने मला उठवलं. निखाऱ्यावर माझी सावली पडत होती म्हणे.

वहिनीची मुलगी ऋतुजा. तिचं लग्न ठरलं ते कोथरूडला, आमच्या शेजारच्याच सोसायटीत. त्याच वर्षी पावसाळ्यात आक्काच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ थोडी जड झाली, हात कायमचा गेला. लग्न पार पडलं, डिसेंबर आला, आणि ऋतुजाच्या सासूबाईंचा फोन आला. "दागिने तुमच्याकडूनच येऊ देत हं, आक्कांच्या हातचे. आमच्याकडे बाहेरचं काही चालत नाही." वहिनी म्हणाली, "हो, घरचेच येतील." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी तसं काही पूर्वी बघितलं नव्हतं. यावेळी आक्काचा हात नव्हता. आपल्या लेकीच्या अंगावर आपल्या हातचा हलवा जाणार, याला आता कोण आडवं येणार होतं?

ती कितीतरी दिवस बसली. मी सुट्टी काढून मांजरीला गेले होते, शेगडीत कोळसा घालायचं काम मला. आक्काची खाट पडवीतच. ती बघत पडलेली असायची. आणि एका सकाळी काटा फुटला. मला हलव्यातलं काही कळत नाही, पण डोळे आहेत. पांढराशुभ्र, एकसारखा, नखावर धरला तर टोचेल असा. आक्काचा ऐन उमेदीतला हलवा मी बघितलेला आहे. हा त्याच्यापेक्षा कमी नव्हता. थोडा सरसच असेल.

शेवटच्या रविवारी सगळे जमले. वहिनीने वाटी आक्काच्या डाव्या हाताशी नेली. आक्काने एक दाणा उचलला, उजेडाकडे धरला, बराच वेळ फिरवला. मग तोंडात टाकला आणि चावला नाही, नुसता ठेवला. पोरं मोबाइल खाली ठेवून बघत होती. दाणा विरघळला. मग दादाला म्हणाली, "बाजारातून इकतचा आन."

आम्हाला वाटलं, जिभेचा घोटाळा. विकतच्या हलव्याला आयुष्यभर चुना म्हणणारी बाई ती. दादाने परत विचारलं. आक्का नीट, एकेक शब्द सोडवून म्हणाली, "इकतचा आन. हिचा नको."

दादा गेला. आईचा शब्द मोडायची त्याला सवयच नव्हती. मी भांडले, माझ्या पद्धतीने, म्हणजे आवाज चढवून. आक्काने मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं होतं निदान ऋतुजा तरी उभी राहील. तिने आईचा हलवा हातात घेतला, मग वडिलांनी आणलेला तयार सेट बघितला आणि म्हणाली, "आई, वाईट वाटून घेऊ नको हं. पण फोटोत ना, हे जास्त फिनिश्ड दिसतं." वहिनी म्हणाली, "असू दे, तेच घाल." सेट व्यवस्थित डब्यात ठेवला, वर मलमल घातली, आणि सगळ्यांच्या चहाला उठली.

चहा आला. पहिला घोट घेऊन आक्काने वहिनीकडे बघितलं.

"काय घातलंयस ह्यात?"

"साखर," वहिनी म्हणाली.

मी स्वयंपाकघरात डोकावले. हलव्याची परात रिकामी होती, पुसलेलीसुद्धा. आक्काने तो कप डाव्या हाताने, न सांडता, तळापर्यंत संपवला. "ग्वाड जास्त झालाय," म्हणाली.

संक्रांतीला कोथरूडच्या त्या हॉलमध्ये ऋतुजा काळ्या साडीत, विकतच्या दागिन्यांत, सुंदर दिसत होती. तिच्या सासूबाई बाजूबंदावरून हात फिरवत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "घरचं ते घरचंच हो. बाहेरच्याला ही सर यायची नाही." वहिनी माझ्या शेजारी वाण घेऊन उभी होती. मी तोंड उघडणार तोच तिने माझा दंड दाबला. बोटं अजूनही गार होती.

उन्हाळ्यात आक्का गेली. जाताना कुणाला काही म्हणाली नाही, वहिनीला तर नाहीच. शेवटचे महिने वहिनीनेच तिचं हगणं-मुतणं काढलं, भरवलं, कूस बदलली. भरवताना आक्का घास तोंडात घोळवून वाईट तोंड करायची. दहाव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, फटकळ होती पण मनाची चांगली होती. मी त्यात मान हलवली नाही. मनाची कशी होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. वहिनीचा हलवा आपल्यापेक्षा सरस झाला ते तिला सोसलं नाही, की सैल पडू नये म्हणून मरतानाही तिने तो हात आवळून धरला, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. दुसरं मानायला मला आवडेल. पण ज्या पडवीत मी ते बघितलं, तिथे ते सारखंच क्रूर होतं. आणि तरी मला आजही तिची आठवण येते. ऑफिसात कुणी माझ्या कामाला उगाच "ग्रेट, ग्रेट" म्हणालं की फार येते.

गेल्या वर्षाचा शेवटचा रविवार आम्ही कात्रजच्या पलीकडे एका फार्महाउसवर काढला. केक मागवलेला, फराळ मागवलेला. वहिनीने तेवढे तिळाचे लाडू करून आणले होते. सगळे एका आवाजात म्हणाले, "वा, वहिनी, एक नंबर!" धाकट्या काकांची सून म्हणाली, "अप्रतिम!" ऋतुजाने फोटो काढला. वहिनी प्रत्येकाच्या तोंडाकडे अशी बघत होती, जणू कुणीतरी तिला सुटे पैसे कमी परत देतंय. मी एक लाडू फोडला. तीळ जास्त भाजले गेले होते, कडवट लागत होते. मी काही बोलले नाही. मग ती माझ्याजवळ येऊन बसली.

मी विचारलं, "हलवा नाही केलास यंदा? थंडी तर चांगली पडलीय."

"कुणासाठी करू?" वहिनी म्हणाली. "नावं ठेवायला आता आहे कोण?"